गुलाम म्हणून आला, शहराला पाणी देऊन गेला

परगावच्या बाईला गटात घ्यायचं का, हा प्रश्न आम्हा औंढ्याच्या बायकांपुढेही येतो. म्हणून आज मलिक अंबरची गोष्ट.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकलेली माणसं जगभर गेली. हैती देशात त्यांनी उठाव केला आणि १८०४ साली स्वतःचं राज्य उभारलं. आपल्याकडे त्यांना हबशी, सिद्दी म्हणत. मलिक अंबर त्यांतलाच, मूळचा इथिओपियाचा. हातोहात विकला जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि पुढे तिचा वजीर झाला.

त्यानं इथली माणसं जोडली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जमिनीची प्रत पाहून त्यानं सारा ठरवला. १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं जमिनीखालून नहर काढून, खापरी नळांतून पाणी आणलं. डोक्यावर हंडा वाहणारीला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा नाव नोंदवताना गाव जरूर विचारू, पण त्यावरून दार लावायला नको. बचत वेळेवर भरते का, मीटिंगला येते का, एवढंच पाहू या.