उंबऱ्यावरचे पंधरा सेकंद

आश्विन पौर्णिमेच्या दोन रात्री आधी, तुळजापुरात ज्या पुजाऱ्यांच्या घरी आमचे घराणे तीन पिढ्या उतरत आले आहे, त्या घराच्या माडीवर मी जागाच पडलो होतो. खाली ओसरीवर पायी आलेल्या यात्रेकरूंची दाटी होती, दारात विझवून ठेवलेल्या पोतांचा तेलकट धूर जिना चढून वर येत होता, आणि झोप लागते न लागते तोच पलीकडच्या अडगळीच्या खोलीतून त्या घरच्या लेकीचा दबका परंतु करडा आवाज कानी आला, "किती वेळ झालाय, दारातच उभा हाय. काढते आता त्याला बाहेर." मी उठून सज्ज्यातून खाली डोकावलो. दारात कोणी नव्हते. या 'कोणी नव्हते'पायीच मी माझा मुक्काम एका दिवसाने वाढवला.

सकाळी विचारले, तेव्हा तिने संकोच न करता सांगितले की तीही खोल्याच भाड्याने देते. फक्त त्या खोल्या तुळजापुरात नाहीत, किंबहुना कोठेच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाची एक संगणकी सृष्टी लोकांस खुली केली. तीत माणसे अवतार धारण करून वावरतात, घरे बांधतात, भेटीगाठी घेतात, आणि २५६ मीटर लांबीरुंदीचा एकेक चौरस प्रदेश कंपनीकडून घेऊन त्याचे तुकडे पाडून पुढे भाड्याने लावणारे इजारदारही तेथे आहेत. मूळ सरकार कंपनी, तिच्याखाली इजारदार, त्याच्याखाली कुळे, अशी ही सारी रचना निजामी अमलातल्या कोणाही कारकुनाने ओळखली असती. ही मुलगी अशाच एका युरोपातल्या इजारदाराच्या पदरी कारकून आहे. त्याला तिने पाहिलेले नाही, त्यानेही तिला नाही. भाडे आठवड्याचे असते, ते तेथल्याच चलनात एका पेटीत जमा होते, आणि मुदत संपली की पेटीच कुळाचे नाव यादीतून काढते. यात तिला करावे लागते ते थोडेच. तिचे खरे काम उंबऱ्यावरचे. कोणी आत यावे, कोणी येऊ नये, आणि आलेल्याने काय पाहावे.

दुसऱ्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा युरोपातली संध्याकाळ भरात असते आणि कुळांकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पडद्यावर एक समुद्रकाठ, काही कौलारू घरे आणि एका घराभोवती तांबड्या अक्षरांचे तरंगते कुंपण दिसत होते, त्यावर प्रवेश नसल्याची सूचना पुनःपुन्हा उमटत होती. तिने नियम सांगितले. जमिनीला परवानगीची एक यादी असते व बंदीची दुसरी. यादीत नसलेल्यास जमिनीपासून ५० मीटर उंचीपर्यंत अटकाव, नाव घेऊन हद्दपार केलेल्यास मात्र ५००० मीटरपर्यंत. आणि काही तासांच्या मुदतीचा पास विकत द्यावयाचा असेल तर तीही सोय आहे. याशिवाय घरात एक गोळा टांगलेला असतो. अनाहूत माणूस हद्दीत शिरला की तो गोळा त्याला ताकीद देतो, मनात मोजतो, आणि मुदत भरताच त्याला उचलून बाहेर टाकतो.

"मुदत किती?" मी विचारले.

"पंधरा सेकंद देते मी, काका. लोक शून्यबी ठेवतात. पण वाट चुकलेला माणूस असतोय कधी कधी. त्याला निदान मागं वळायला तरी वेळ पाहिजे की."

हे पंधरा सेकंद माझ्या डोक्यात घोळत राहिले, कारण त्याच दिवशी दुपारी मी दर्शनाच्या रांगेत होतो. रांगाही अनेक, धर्मदर्शनाची निराळी, मुखदर्शनाची निराळी, पैसे मोजून पास घेणाऱ्यांची निराळी. कित्येक तासांनी गाभाऱ्यासमोर पोहोचलो आणि नकळत मोजू लागलो. सात म्हणेपर्यंत पाठीवर हात पडला, "चला, पुढं चला." तिकडे आगंतुकाला परत जाण्यासाठी पंधरा सेकंद मिळतात, इकडे शेकडो मैल चालून आलेल्या भक्ताला आईपाशी उभे राहण्यास त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. याबद्दल कोणाला दोष द्यावा असे नव्हे, पाठीमागे लाखो उभे असतात; परंतु द्वाररक्षणाच्या शास्त्रात मुदत ही काय चीज आहे हे त्या सात आकड्यांत मला उमगले. आणि बंदीची यादी म्हणाल, तर ती तुळजापूरला नवी नाही. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९०९ मध्ये, या देवस्थानासाठी 'देऊळ कवायत' नावाचे नियम झाले, आणि त्यांच्या आधारे गैरवर्तन करणाऱ्या पुजाऱ्यासदेखील काही महिन्यांची मंदिरप्रवेशबंदी फर्मावता येते. संस्थान गेले, जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव झाले, तरी ती कवायत अजून आपल्या जागी उभी आहे.

परंतु यादी, कुंपण आणि गोळा एवढ्यानेच एकांत साधत असता तर त्या मुलीला रात्र जागवावी लागली नसती. त्या सृष्टीत एक विलक्षण गोष्ट आहे. तेथे माणसाची दृष्टी त्याच्या देहाला बांधलेली नसते. देह रस्त्यावर उभा ठेवून नजर मात्र भिंतीच्या आरपार घरात हिंडवता येते. म्हणजे दाराला कुलूप, खिडकीला पडदा, आणि तरीही शेजाऱ्याचे डोळे तुमच्या शेजघरात! याला भिऊन कित्येक कुळे जमिनीवरचे घर सोडून आकाशात दोन-तीन हजार मीटरांवर खोल्या बांधून राहतात. त्यावर कंपनीने एक उपाय ठेवला आहे. जमिनीची एक खूण बदलली की हद्दीबाहेरच्यांना आतले अवतार दिसेनासे होतात व त्यांचे बोलणेही ऐकू येईनासे होते. सामानसुमान तेवढे दिसत राहते. तिने मला ते करून दाखवले. मघापर्यंत जेथे दोघे बसून बोलत होती तेथे आता केवळ चादर अंथरलेला पलंग, उशाशी दिवा, आणि कोणी नाही.

मी त्या रिकाम्या पलंगाकडे पाहत राहिलो, कारण दुपारी याच्या अगदी उलट मी पाहून आलो होतो. सीमोल्लंघन झाले की देवीची श्रमनिद्रा सुरू होते. नगरकडून वाजतगाजत आलेल्या पलंगावर ती पौर्णिमेपर्यंत विसावते, आणि तेवढे दिवस सिंहासन रिकामे असते. वर्षातून तीनदा, भाद्रपदात, आश्विनात आणि पौषात, तुळजापूरची देवी अशी निजते. प्रत्यक्ष जगन्मातेलाही विश्रांतीची मुदत आखून द्यावी लागते, आणि तरी माणसे येतच राहतात, निजलेल्या आईलाच हात जोडून जातात. तेथे पलंग दिसतो, माणूस दिसत नाही. येथे झोपसुद्धा दर्शनास खुली आहे.

पुजाऱ्यांच्या या घरातला एकांत कसा सांभाळला जातो हे मी लहानपणापासून पाहिले आहे. ओसरीवर पाच बिऱ्हाडे उतरली तर मध्ये दोरीवर लुगडी टाकली की पाच घरे होतात. लुगड्यापलीकडे बाळंतीण असते, भांडण असते, कधी रडणे असते, आणि सारे ऐकू येत असूनही कोणी ऐकत नाही. त्या मुलीचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते स्वतःच्याच घरात जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून खाकरतात, आणि वर बायाबापड्या पदर सावरून घेईपर्यंत तसेच उभे राहतात. मी हे तिला म्हणालो तेव्हा ती हसली. इजारदाराच्या वतीने तिला प्रत्येक घरात शिरण्याचा अधिकार आहे, कोणतेही कुंपण तिला अडवत नाही. तरी तक्रार आली म्हणून आत जावयाचे झाले तर ती आधी कुळाला निरोप धाडते आणि उत्तराची वाट पाहते. "त्याला आम्ही खाकरणंच म्हणतो," ती म्हणाली. 'आम्ही' म्हणजे कोण, तर ती एकटीच.

त्याच रात्री एका कुळाने तिला लिहून विचारले की आपल्या जोडीदाराच्या घरी गेल्या आठवड्यात कोण कोण येऊन गेले. गोळा येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवू शकतो, आणि ती नोंद तिच्यासमोर उघडी होती. मी न राहवून मान पुढे केली. तिने पडदा माझ्यापासून वळवला. उत्तर तिने एका ओळीत दिले की अशी माहिती देता येत नाही. द्वारपालाची खरी कसोटी कोणाला अडवतो यात नसून जे दिसले ते गिळून टाकतो की नाही यात असते, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे, आणि यंत्राच्या गोळ्याला हे कधी शिकवता येईल याबद्दल मी साशंक आहे.

आणि हे सारे करणारी ती बसते कोठे? यात्रेच्या दिवसांत तिची खोली पाहुण्यांना दिलेली असते. अडगळीत, गाद्यांच्या ढिगाला टेकून, जिथे दाराऐवजी एक जुनी सतरंजी टांगलेली आहे, तेथे तिचा कारभार चालतो. त्या रात्रीत चार वेळा सतरंजी सरकली. कोणाला गरम पाणी पाहिजे होते, कोणाला बादली, एक लेकरू नुसतेच बघायला आले. दर खेपेस तिने कानावरचा हेडफोन उतरवला, "आले मावशी," म्हणून उठली, आणि परत येऊन तो चढवताना म्हणाली की यालासुद्धा पोताचा वास लागलाय. ज्या घरांना ती कुंपण घालते, त्यांतल्या एकाही माणसाला ठाऊक नसेल की आपल्या राखणदारणीला कडी लावण्यापुरते दार नाही.

पौर्णिमेच्या पहाटे देवी सिंहासनावर परत गेली, गावभर 'उदो उदो' झाला, आणि मी पिशवी घेऊन निघालो. अण्णांच्या पाया पडलो. मुलीचा निरोप घ्यावा म्हणून माडीवर गेलो, सतरंजीबाहेर उभा राहिलो, खाकरलो, आणि मनात मोजू लागलो. बारापर्यंत आलो तेव्हा आतून आवाज आला, "थांबा काका, एक पाव्हणा दारात हाय."