शेक्सपिअरचें मृत्युपत्र

मनुष्य जन्मभर काय बोलला यापेक्षां मरतांना कोणाच्या पदरांत काय घालून गेला, यावरून त्याच्या अंतःकरणाची ओळख अधिक पटते, असें आम्हांस वाटतें. याच दृष्टीनें इंग्लंडांतील स्ट्रॅटफर्ड गांवच्या एका संभावित गृहस्थानें ता. २५ मार्च १६१६ रोजीं केलेलें मृत्युपत्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. या गृहस्थाचें नांव विल्यम शेक्सपिअर. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळें आणि देवलांच्या ‘झुंझाररावा’मुळें त्याचा कवि म्हणून परिचय महाराष्ट्रास फार दिवसांचा आहे, पण त्याच्यांतील घरधनी आपल्या दृष्टीस क्वचितच पडतो.

हातमोजे करणाऱ्या बापाचा हा मुलगा लंडनास जाऊन नाटकांवर श्रीमंत झाला. १५९६ सालीं घराण्यास कुलचिन्ह मिळालें आणि ‘जंटलमन’ म्हणवून घेण्याचा अधिकार आला. पुढच्याच वर्षीं त्यानें स्ट्रॅटफर्डमधील ‘न्यू प्लेस’ हा मोठा वाडा घेतला. १६०२ सालीं ३२० पौंडांस १०७ एकर जमीन, १६०५ सालीं ४४० पौंडांस गांवच्या धर्मकराच्या उत्पन्नाचा हिस्सा, आणि १६१३ सालीं लंडनांत ब्लॅकफ्रायर्स येथें १४० पौंडांस एक घर, अशी ही मिळकत वाढत गेली. पण ज्याच्यासाठीं ती वाढवावयाची तो एकुलता एक मुलगा हॅम्नेट १५९६ सालींच अकरा वर्षांचा होऊन वारला होता. मागें राहिल्या दोन मुली, सुझाना आणि ज्युडिथ.

येथें तेव्हांच्या इंग्रजी कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आमच्या मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होई व बापास तो मृत्युपत्रानें बुडवितां येत नसे. इंग्लंडांत तसें नव्हतें. तेथें जमीन सामान्यतः थोरल्या मुलास जाई. मुलगा नसल्यास मुलींस सारखी वांटून मिळे. आणि १५४० च्या कायद्यानें जमिनीविषयीं मृत्युपत्र करण्याची बरीच मोकळीक मालकास मिळाली होती. म्हणजे शेक्सपिअर मृत्युपत्राशिवाय वारला असता, तर त्याच्या जमिनीचे दोन सारखे भाग झाले असते. ते होऊं नयेत हाच या तीन कागदांचा मुख्य हेतु दिसतो.

थोरली सुझाना डॉक्टर जॉन हॉल यांस दिलेली. तिचा संसार सुरळीत होता. वाडा, जमिनी, हेन्ली स्ट्रीटवरील जुनीं घरें आणि लंडनचें घर असें सर्व तिलाच दिलें आहे. पण तें केवळ तिच्या हयातीपुरतें. तिच्यामागें तिच्या पहिल्या मुलास व त्याच्या पुरुषसंततीस, तो नसल्यास दुसऱ्यास, असें करीत करीत सातव्या मुलापर्यंत क्रम लावला आहे! त्यानंतर नात एलिझाबेथ हिचे मुलगे, आणि मग ज्युडिथचे. वस्तुतः त्या वेळीं सुझानेस एलिझाबेथ ही आठ वर्षांची एकच मुलगी होती. जे सात मुलगे जन्मासच आले नव्हते, त्यांच्यासाठीं आजोबा वकिलाकडून ओळीमागून ओळी लिहवीत होता.

धाकट्या ज्युडिथची गोष्ट निराळी. तिचें लग्न याच वर्षीं ता. १० फेब्रुवारीस टॉमस क्विनी याच्याशीं झालें. आणि लवकरच एका दुसऱ्या स्त्रीशीं असलेला क्विनीचा संबंध उघडकीस आला. ती स्त्री आणि तिचें मूल दोघेंही मार्च महिन्यांत दगावलीं, व मृत्युपत्राच्या दुसऱ्याच दिवशीं क्विनीला धर्मन्यायालयापुढें अपराध कबूल करावा लागला. कागदावर आरंभींचा ‘जानेवारी’ शब्द खोडून ‘मार्च’ केलेला आहे आणि ‘जांवई’ हा शब्द खोडून त्या जागीं ज्युडिथचें नांव घातलें आहे. एका खोडलेल्या शब्दांत बापाचें केवढें दुःख सांठलें असेल, हें मुली असलेल्या वाचकांस सांगावयास नको. ज्युडिथला लग्नाचे म्हणून १०० पौंड आणि एका लहान घरावरील हक्क बहिणीस सोडून दिल्यास आणखी ५० पौंड ठेविले. याखेरीज १५० पौंड ती किंवा तिचें मूल तीन वर्षांनंतर हयात असल्यास द्यावयाचे होते. परंतु नवरा जिवंत असेतों तिला नुसतें व्याज मिळावयाचें. नवऱ्यास मुद्दलाला हात लावावयाचा असेल, तर त्यानें आधीं तेवढ्याच किंमतीची जमीन बायकोच्या नांवें करावी. स्त्रीधनाचें मर्म त्या बापानें चांगलें ओळखलें होतें.

आणि पत्नी? चौतीस वर्षें संसार केलेल्या ॲनच्या वांट्यास एकच ओळ आली आहे, आणि तीही मागाहून दोन ओळींच्या मध्यें घातलेली: दुसऱ्या प्रतीचा पलंग, बिछान्याच्या सामानासह. यावर विद्वानांनीं फार वाद घातले आहेत. कोणी म्हणतात, हा उघड अपमान होय. लंडनचें घर घेतांनाही विश्वस्त नेमून तिचा हक्क टाळलाच होता. दुसरे म्हणतात, पतीच्या जमिनींत तिसरा हिस्सा हयातभर विधवेस कायद्यानेंच मिळे, तो लिहिण्याचें कारण नव्हतें. शिवाय उत्तम पलंग पाहुण्यांचा, दुसरा नवराबायकोचा. आम्हांस इतकेंच वाटतें कीं, प्रेम असलें तर त्याचा एक शब्द तरी लिहावयाचा होता. वकिलाची शाई तेवढ्यानें आटली नसती.

बहीण जोन हिला २० पौंड, आपले कपडे, आणि वर्षाकांठीं १२ पेन्स भाड्यानें जुन्या घरांत जन्मभर राहण्याची मुभा. तिच्या तीन मुलांस पांच पांच पौंड. त्यांतील एका भाच्याचें नांव आठवलें नाहीं म्हणून कीं काय, तेथें जागा कोरीच राहिली आहे. नातीला चांदीचीं भांडीं, गांवच्या गरिबांस १० पौंड, टॉमस कोंबला तलवार. हेमिंग्ज, बर्बेज व काँडेल या तीन नट मित्रांस अंगठ्या घेण्यासाठीं प्रत्येकीं २६ शिलिंग ८ पेन्स. ही ओळही मागाहून घातलेली. नाटकांचें किंवा पुस्तकांचें मात्र नांव नाहीं.

ता. २३ एप्रिलला शेक्सपिअर वारला आणि ता. २२ जून रोजीं जांवई हॉल यानें लंडनास मृत्युपत्र शाबीत केलें. पुढें काय झालें? सुझानेस मुलगा झालाच नाहीं. ज्युडिथला तीन झाले; एक तान्हेपणीं गेला, उरलेले दोघे १६३९ सालीं कांहीं आठवड्यांच्या अंतरानें वारले. एलिझाबेथचीं दोन लग्नें झालीं, पण ती १६७० सालीं निपुत्रिक वारली व वंश खुंटला. न्यू प्लेस परक्यांकडे गेला आणि १७५९ सालीं तेथील घर जमीनदोस्त झालें. सात मुलग्यांपर्यंत बांधलेली तटबंदी दोन पिढ्याही टिकली नाहीं.

उलट, त्या अंगठ्यांच्या ओळीकडे पाहावें. नाटकें मंडळीच्या मालकीचीं, म्हणून ती मिळकत कवीनें मोजलीच नव्हती. बर्बेज १६१९ सालीं वारला. पण हेमिंग्ज व काँडेल यांनीं १६२३ सालीं ३६ नाटकें एका ग्रंथांत छापलीं. त्यांपैकीं सुमारें अर्धीं, ‘मॅक्बेथ’ व ‘ज्यूलिअस सीझर’ हीं त्यांतच, तोंवर छापलींच नव्हतीं. तीं कदाचित् कायमचीं नाहींशीं झालीं असतीं. त्याच वर्षीं ॲनही वारली व पतीशेजारीं विसांवली.

मृत्युपत्र प्रत्येक संसारी मनुष्यानें वेळींच करावें, याविषयीं आमचें दुमत नाहीं. ज्युडिथसारख्या मुलीचें कल्याण त्यानेंच होतें. पण वाडा आणि जमीन कितव्या पिढीपर्यंत कोणाची, हें ठरविण्यापेक्षां आपल्या जवळच्या माणसांसाठीं चार प्रेमाचे शब्द त्यांत असावे, हें अधिक अगत्याचें. मिळकतीची वांटणी कायदाही करूं शकतो. तेवढे शब्द मात्र ज्याचे त्यानेंच लिहावे लागतात.