विश्लेषण : कन्व्हेन्शन सेंटर किनाऱ्यावर उभे राहिले की किनारा कोणाचा राहतो?

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात गॅसलॅम्प क्वार्टर ही जुनी बाजारपेठ आहे. तिथून फिफ्थ अव्हेन्यूने सरळ खाली चालत गेले, तर रस्त्याच्या टोकाला खाडीचे पाणी दिसायला हवे. प्रत्यक्षात आधी रेल्वे आणि ट्रॉलीचे रूळ लागतात, मग हार्बर ड्राइव्ह हा रुंद रस्ता आणि त्याच्या पलीकडे सुमारे पाऊण किलोमीटर लांबीची एकच इमारत. पाणी तिच्या मागे आहे. ही इमारत म्हणजे शहराचे कन्व्हेन्शन सेंटर. दर जुलैमध्ये लाखाहून अधिक लोकांना खेचणारा ‘कॉमिक-कॉन’ हा महोत्सव इथेच भरतो, पर्यटन खात्याच्या छायाचित्रांत ही इमारत झळकते आणि तरीही गेली तीनेक दशके ‘समुद्र आणि शहर यांच्यामधली भिंत’ अशी तिच्यावर टीका होत आली आहे.

त्याच किनारपट्टीवर उत्तरेला, कॅनडातील व्हँकुव्हरमध्येही समुद्राला लागून असेच अवाढव्य केंद्र आहे. तिथे मात्र लोक इमारतीच्या कडेकडेने पाण्यालगत चालतात, सायकली चालवतात, डबे उघडून बसतात. परिषदेला आलेल्या पाहुण्यांशी त्यांचा काही संबंध नसतो. इमारतीचा प्रकार तोच, मग इतका फरक का पडला?

किनाराच का निवडला जातो?

याचे मूळ मालवाहतुकीत आहे. १९६० नंतर जहाजावरचा माल कंटेनरमधून जाऊ लागला. कंटेनरसाठी खोल पाणी आणि मोठी मोकळी जमीन लागते. शहराच्या मध्यातल्या जुन्या गोद्यांकडे दोन्ही नव्हते. बंदरे बाहेर सरकली आणि मागे उरली गोदामे, रेल्वे यार्ड आणि ओस पडलेले धक्के. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाल्यावर पूर्व किनाऱ्यावरील जुन्या गोद्यांचे काय होत गेले, ते डोळ्यांसमोर आहे.

अशी जमीन बहुधा एकाच सरकारी यंत्रणेच्या मालकीची असते. शेकडो घरमालकांशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. त्यात १९८० मध्ये बाल्टिमोरने जुन्या बंदरावर ‘हार्बरप्लेस’ हा बाजार उभारून गर्दी खेचली आणि जगभरच्या महापालिकांना नमुना मिळाला. हॉटेल, मत्स्यालय, कन्व्हेन्शन सेंटर आणि समोर पाणी, असा हा साचा.

ही इमारत मुळातच अडचणीची का?

प्रदर्शनाच्या दालनाला मधे खांब नको असतात. असलेच तर एकमेकांपासून २५-३० मीटरवर. छत नऊ-दहा मीटर उंच लागते. आतला प्रकाश हवा तसा कमी-जास्त करता यावा म्हणून खिडक्या टाळल्या जातात. शिवाय दालनाच्या पातळीवर ट्रक लावता यावेत, यासाठी माल उतरवण्याचे फलाट ओळीने लागतात. दालने एकमेकांना जोडून एक सलग जागा करता आली पाहिजे, ही आयोजकांची आणखी एक अट असते. म्हणून केंद्र वाढवायचे म्हणजे लांबी वाढवायची, असा सरधोपट मार्ग निघतो.

थोडक्यात, आतून पाहिले तर हे उत्तम दर्जाचे गोदाम आहे. वास्तुरचनाकार दर्शनी बाजूला काच लावू शकतो, छताला शिडांचा आकार देऊ शकतो. पण तीन बाजूंच्या आंधळ्या भिंती आणि ट्रकची वाट कुठे लपवायची, हा खरा प्रश्न असतो. किनाऱ्यावरच्या जागेला तर मागची बाजूच नसते. एकीकडे शहर असते, दुसरीकडे पाणी.

सॅन डिएगोत काय घडले?

१९८९ मध्ये खुले झालेले हे केंद्र ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही. आर्थर एरिक्सन हे कॅनडाचे नामवंत वास्तुरचनाकार त्याच्या रचनाकारांपैकी एक. गंमत अशी की एरिक्सन व्हँकुव्हरचे. तिथे रॉब्सन स्क्वेअर हे न्यायालयाचे संकुल त्यांनी उंच मनोऱ्याऐवजी आडवे पसरवले आणि त्याच्या पायऱ्यांवरून, गच्चीवरून लोकांना वाट दिली. सॅन डिएगोतही त्यांनी छतावर पांढऱ्या कापडी शिडांचा मंडप उभारला, पाण्याच्या बाजूला गच्च्या ठेवल्या. पण या गच्च्यांपर्यंत जायचे तर आधी रूळ ओलांडा, मग रस्ता, मग जिने. २००१ मध्ये विस्तार झाला तो लांबीत. प्रदर्शनाची जागा जवळपास दुप्पट झाली आणि त्याबरोबर भिंतही लांबली.

पुढे चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले. २०११ मध्ये बेसबॉल मैदानापासून हार्बर ड्राइव्हवरून जाणारा साडेपाचशे फूट लांबीचा झुलता पादचारी पूल बांधला गेला. खर्च सुमारे दोन कोटी ७० लाख डॉलर. पूल देखणा आहे, उपयोगीही आहे. पण मालगाडी फाटकात अडकून पडण्याच्या त्रासावरचा तो उपाय. रस्त्याच्या टोकाला हरवलेले पाणी तो परत देत नाही.

मग पाण्याच्या बाजूला आणखी विस्तार करून त्याच्या छतावर पाच एकरांची सार्वजनिक बाग करण्याची योजना आली. किनाऱ्यावर लोकांना वाट मिळते की नाही हे पाहणाऱ्या कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनने २०१३ मध्ये तिला मंजुरी दिली. मात्र त्यासाठी लावलेला हॉटेल कर मतदारांना न विचारता लावला, म्हणून न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द केला. मार्च २०२० मध्ये नवा कर थेट मतदानाला ठेवला गेला. त्याला सुमारे ६५ टक्के मते पडली. दोन तृतीयांश हवीत की साधे बहुमत पुरेल, यावर पुढे कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. अखेर मे २०२५ पासून हा कर लागू झाला. आधी बांधून मग किनारा मोकळा करायचा, तर किती वर्षे लागतात, याचा हिशेब या तारखांतच आहे.

व्हँकुव्हरने काय वेगळे केले?

व्हँकुव्हरच्या केंद्राची पश्चिमेकडील इमारत एप्रिल २००९ मध्ये खुली झाली. रचना एलएमएन या सिएटलच्या कंपनीची, स्थानिक कंपन्यांच्या साथीने. हीच एलएमएन सॅन डिएगोच्या कामातही एरिक्सन यांच्या सोबत होती. मधल्या २० वर्षांत ही मंडळी काय शिकली, हे दोन इमारती शेजारी ठेवून वाचता येते.

जागा एकूण २२ एकर, त्यातील सुमारे आठ एकर थेट पाण्यावर, खांबांवर उभारलेली. प्रदर्शनाचे मोठे दालन खालच्या पातळीवर ठेवले. त्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्याला आंधळी भिंत दिसत नाही. दिसतात त्या काचा, दुकाने आणि मोकळा चौक. स्टॅन्ली पार्ककडून येणारी प्रसिद्ध किनारवाट इमारतीपाशी तुटत नाही, तिला वळसा घालून पुढे जाते. जॅक पूल प्लाझा या चौकात बसून समोरच्या पाण्यावर उतरणारी छोटी विमाने पाहण्यासाठी कोणतेही ओळखपत्र गळ्यात अडकवावे लागत नाही. २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत याच चौकात होती.

छतावर सहा एकरांत सुमारे चार लाख स्थानिक रोपे आणि गवत आहे, मधमाश्यांच्या पेट्याही आहेत. इमारतीतले सांडपाणी तिथेच शुद्ध करून शौचालयांसाठी आणि उन्हाळ्यात छताला घालण्यासाठी वापरतात. पाण्याखाली काँक्रीटच्या पायऱ्या सोडल्या आहेत. त्यांवर शिंपले, शेवाळ, खेकडे, तारामासे यांची वस्ती व्हावी हा हेतू, आणि ती झाली आहे.

एवढे कौतुक केल्यावर दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक, सहा एकरांच्या त्या गवतावर लोकांना जाता येत नाही. ते पक्ष्यांसाठी आणि कीटकांसाठी राखीव आहे. छायाचित्रे पाहून ते उद्यान वाटते, तसे ते नाही. दोन, सुरुवातीला साडेएकोणपन्नास कोटी कॅनेडियन डॉलरचा अंदाज होता. खर्च गेला ८८ कोटींवर. पाण्यावर बांधणे स्वस्त नसते आणि किनारवाट फुकट मिळत नाही.

परिषद नसेल त्या दिवशी काय?

मोठ्या प्रदर्शनाआधी दोन-चार दिवस उभारणीत जातात, नंतरचे आवराआवरीत. या काळात दालने शहरासाठी बंदच असतात. शिवाय अंदाजाइतके पाहुणे येतातच असे नाही. टेक्सासमधील प्राध्यापक हेवूड सँडर्स यांनी ‘कन्व्हेन्शन सेंटर फॉलीज’ या २०१४ च्या पुस्तकात अमेरिकी शहरांचे आकडे तपासून हीच बाब मांडली : सल्लागारांचे भाकीत एक आणि प्रत्यक्ष गर्दी वेगळीच, तरी विस्तार चालूच.

या रिकाम्या दालनांचा सर्वांत चांगला उपयोग कधी झाला? करोनाकाळात, एप्रिल २०२० पासून सुमारे वर्षभर सॅन डिएगोने हे केंद्र बेघरांच्या निवाऱ्यासाठी वापरले. सिडनीचे उदाहरण उलट टोकाचे. डार्लिंग हार्बरवरील १९८८ चे परिषद आणि प्रदर्शन केंद्र जेमतेम २५ वर्षांत अपुरे ठरवून पाडले गेले. नवे २०१६ च्या अखेरीस उघडले. मधली तीन वर्षे तो किनारा म्हणजे बांधकामाची जागा होती.

आपल्याकडे असे काही आहे का?

याच मापाचे नाही. पण पणजीची कला अकादमी आठवावी. चार्ल्स कोरिया यांनी कांपालला मांडवीच्या काठी बांधलेल्या या इमारतीत सभागृह आहे, खुले रंगमंदिर आहे, इफ्फीचे चित्रपट इथे दाखवले गेले आहेत. तरी रस्त्यावरून आलेला माणूस तिकीट न काढता, छताच्या सावलीतून थेट नदीपर्यंत चालत जाऊ शकेल, अशी तिची आखणी आहे. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले, तेव्हा गोव्यात इतका संताप उसळला. तो केवळ नाटकवाल्यांचा नव्हता. संध्याकाळी तिथून नदीवर जाऊन बसणाऱ्यांचाही होता.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे बरीच वर्षे येत-जात आहेत. त्यात पर्यटनाच्या आणि व्यवसायाच्या मोठ्या इमारती असतीलच. संकल्पचित्र समोर आले की छताच्या आकाराऐवजी दोन गोष्टी आधी शोधाव्यात : ट्रक कुठून आत जातात, आणि शिवडी किंवा माझगावच्या गल्लीतून निघालेला माणूस पाण्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो. ही वाट चित्रात दाखवली नसेल, तर हरकती-सूचनांची मुदत संपण्याआधी विचारावे लागेल.