कल्पाची गणना आणि विश्वाचे वय

सृष्टीच्या उत्पत्तीसंबंधीचे प्राचीन भारतीय विचार आणि आधुनिक भौतिकी यांची तुलना करताना बहुधा एका आकड्याचा आधार घेतला जातो. पुराणांनुसार चार युगांचे मिळून ४३,२०,००० वर्षांचे एक महायुग होते आणि अशा एक हजार महायुगांचा, म्हणजे ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा, एक कल्प होतो. हाच ब्रह्मदेवाचा एक दिवस. पृथ्वीचे वय आज सुमारे ४ अब्ज ५४ कोटी वर्षे मानले जाते. हे आकडे शेजारी ठेवले की, प्राचीन ऋषींना पृथ्वीचे वय ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत टिकतो?

पहिली गोष्ट अशी की, कल्प हा सृष्टीचा संपूर्ण कालावधी आहे. तिचे आजचे वय नव्हे. धार्मिक कृत्यांच्या प्रारंभी उच्चारल्या जाणाऱ्या संकल्पात श्वेतवाराह कल्पातील सातवे, म्हणजे वैवस्वत मन्वंतर आणि त्यातील अठ्ठाविसाव्या महायुगाचे कलियुग चालू असल्याचा निर्देश असतो. या हिशेबाने कल्पारंभापासून सुमारे १९७ कोटी वर्षेच लोटली आहेत. हा काळ पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे या संख्यांचे प्रयोजन. ज्यात प्रत्येक ग्रहाच्या प्रदक्षिणांची संख्या पूर्णांकात येईल, असा दीर्घ कालखंड ज्योतिर्विदांना ग्रहगणितासाठी हवा होता. महायुग आणि कल्प यांनी ती गरज भागविली. या मापांविषयी त्यांच्यात एकमतही नव्हते. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने चारही युगे समान मानली आणि कल्पात १००८ महायुगे धरली. ही मांडणी स्मृतींशी विसंगत आहे, असा आक्षेप ब्रह्मगुप्ताने ६२८ साली घेतला.

आधुनिक विज्ञानाचे आकडे निराळ्या वाटेने आले. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून पृथ्वीचे वय ४ अब्ज ५५ कोटी वर्षे ठरविले. विश्वाच्या वयाची कथा अधिक बोधप्रद आहे. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत आणि अंतराच्या प्रमाणात त्यांचा वेग वाढतो, असे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखविले; परंतु त्यांच्या मापनावरून विश्वाचे वय जेमतेम २ अब्ज वर्षे निघत होते. विश्व पृथ्वीहून लहान ठरू लागले! अखेर १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांच्या अंतरांतील चूक दाखवून दिली, तेव्हा हा पेच सुटू लागला. पुढे १९६५ साली पेन्झिआस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी सारखेच येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला आणि महास्फोटाच्या सिद्धांताला भक्कम आधार मिळाला. आज विश्वाचे वय सुमारे १३ अब्ज ८० कोटी वर्षे मानतात. निरीक्षणाशी विरोध आला की आकडा सोडावा लागतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. आकड्यांच्या साम्यावरून ग्रंथांची थोरवी ठरवू पाहणारे उद्या आकडा बदलला तर ती थोरवीही गमावून बसतील.

मग प्राचीन चिंतनाचे महत्त्व कशात आहे? एक तर कालाच्या विशाल कल्पनेत. १६५० साली आर्चबिशप अशर यांनी बायबलच्या आधारे सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मध्ये मानला होता; भारतीय गणिताला मात्र अब्जावधी वर्षांची सवय कित्येक शतके होती. दुसरे महत्त्व ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात आढळते. सात ऋचांचे हे सूक्त उत्पत्तीचा वृत्तान्त सांगता सांगता थबकते. देवही सृष्टीनंतरचे आहेत, याची आठवण देऊन ते तिचे मूळ कोणाला कळले असेल, अशी शंका घेते. सृष्टीच्या अध्यक्षालाही ते ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न शेवटी अनुत्तरितच राहतो. हे सूक्त भौतिकीचे पाठ्यपुस्तक नव्हे. परंतु उत्तर हाती नसताना प्रश्न उघडा ठेवण्याचे जे धैर्य त्यात आहे, त्यावाचून भौतिकीचेही पाऊल पुढे पडत नाही.