नुसता चहाच तर घेतला!

मागे पारोळ्याकडचे एक शेतकरी गृहस्थ रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले. वय पंचेचाळीस, वजन बेताचे, घरात कोणाला मधुमेह नाही. उपाशीपोटीची साखर मात्र १३२. ‘तुला शुगर झाली’ असे गावात चार जणांनी सांगून टाकलेले. एकाने तर आपल्याच गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. नशीब, सुरू केल्या नव्हत्या. मी विचारले, "सकाळी काही खाल्ले होते का?" "नाही साहेब, पाणीसुद्धा नाही. नुसता चहा घेतला, स्टँडवर." खोदून विचारल्यावर चहासोबत दोन टोस्टही निघाले. तीन दिवसांनी खरोखरच उपाशीपोटी तपासणी केली, तेव्हा साखर ९४ भरली.

आपल्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत, त्याला ते तरी काय करणार? त्यातच ‘उपाशी’ आणि ‘उपास’ यांची गल्लत होते. एकादशीला एक बाई ‘आज अनायासे उपासच आहे’ म्हणून रक्त द्यायला निघाल्या होत्या. सकाळी दोन केळी आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी झालेली! रावेर-यावलकडे केळी घरचीच. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो देवाला चालतो, प्रयोगशाळेला नाही.

रात्रभर पोटात काही गेले नाही, की यकृत रक्ताला हळूहळू साखर पुरवत राहते आणि इन्सुलिन तिला लगाम घालते. हा तोल नीट आहे की नाही, ते या तपासणीत कळते. त्यासाठी निदान ८ तास पोट रिकामे हवे. साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह, पण लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करूनच तसे म्हणावे. दोन चमचे साखरेच्या चहात सुमारे १० ग्रॅम साखर जाते, दुधातली वेगळीच. अर्ध्या-पाऊण तासात ती रक्तात उतरते.

पुण्याहून सुट्टीला आलेली मुले विचारतात, "डॉक्टर, बिनसाखरेची काळी कॉफी चालेल ना?" तिच्यात साखर नाही हे खरे. पण कॅफीनमुळे अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि इन्सुलिनचा जोर काही वेळ कमी पडतो. पुष्कळांत हा फरक किरकोळच असतो. पण आकडा १२४ की १२७, असा प्रश्न असतो तेव्हा किरकोळ फरकानेही निदान बदलते. म्हणून मी नकोच म्हणतो. कोरा चहा, मशेरी, तंबाखू यांनाही तेच उत्तर.

पाणी मात्र अवश्य प्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तहानलेल्या माणसाची शीर सापडता सापडत नाही, आणि शरीरात पाणी कमी असले तर युरियासारखे आकडेही उगाच वाढलेले दिसतात.

गोळ्यांचे नीट लक्षात घ्या. रक्तदाबाची गोळी सहसा पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन मात्र उपाशी रांगेत बसू नये. धुळ्याला एका प्रयोगशाळेबाहेर एका आजींना घाम फुटून भोवळ आली होती. पहाटे गोळी घेतलेली आणि पोट रिकामे. रात्रीच्या इन्सुलिनचे काय करायचे, ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पण सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, रक्तक्षय तर घरोघरी. अशा वेळी हा आकडा फसवू शकतो.

चुकून चहा झालाच असेल, तर रक्त घेणाऱ्याला तसे सांगा आणि दुसऱ्या दिवशी या. आणि जेवणानंतरचीही साखर पाहायची असेल, तर दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे.