साखरेच्या दारात अडकलेलं औषध

आता आपण मूत्रपिंडाकडे येऊ. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात. त्यातलं सुमारे ९० टक्के काम एसजीएलटी-२ हे एकच वाहक प्रथिन करतं. पेशीच्या पटलात बसलेलं हे प्रथिन म्हणजे दोन दारांची खोली समजा. बाहेरचं दार उघडं असताना सोडियम आणि ग्लुकोज आत शिरतात. ते मिटतं, मग आतलं उघडतं. दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत.

डॅपाग्लिफ्लोझिनच्या रेणूचा एक भाग ग्लुकोजसारखा आहे. तो साखरेच्या जागी जाऊन बसतो, पण मागचं शेपूट दारातच राहतं. दार मिटत नाही, वाहतूक थांबते, साखर लघवीवाटे जाते. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या फ्लोरिझिनवरून ही औषधं घडवली गेली.

मग हे धाराशिवात का सांगायचं? साखरेबरोबर पाणीही जातं. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारे, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणारे आपल्याकडे थोडे नाहीत. गोळी चालू, पोटात अन्न नाही, पाणी कमी. अशा वेळी शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात. फसवी गोष्ट म्हणजे, तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. म्हणून मळमळ, पोटदुखी, धाप असं काही झालं तर थेट दवाखाना गाठायचा. आणि उपवासाआधी गोळी थांबवायची का, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आपल्या मनानं नाही.