विश्लेषण : क्लबला जिंकवणारा प्रशिक्षक देशाच्या संघासोबत का अडखळतो?

३ मे २०२५. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर सुपर कपची अंतिम लढत होती. एका बाकावर एफसी गोवाचे मानोलो मार्केझ, दुसऱ्यावर जमशेदपूर एफसीचे खालिद जमील. गोव्याने सामना ३-० असा सहज जिंकला. मार्केझ त्या वेळी भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. बरोबर ३८ दिवसांनी, १० जूनला, त्यांचा भारतीय संघ हाँगकाँगकडून ०-१ असा हरला. २ जुलैला त्यांनी पद सोडले आणि १ ऑगस्टला ते पद ज्यांच्याकडे गेले, ते होते सुपर कपच्या त्याच लढतीत हरलेले खालिद जमील!

तेव्हा पेटलेला वाद फुटबॉलप्रेमींमध्ये अजून धुमसतो आहे. क्लब चालवणारा मोठा की देशाचा संघ चालवणारा?

यवतमाळात हा वाद कसा पोहोचला?

मोबाइलवरून. यवतमाळ जिल्ह्यात आयएसएलचा क्लब नाही. सगळ्या विदर्भातच नाही. राज्यात आयएसएल खेळणारा क्लब एकच, मुंबई सिटी एफसी. पुण्याचा क्लब २०१९ मध्येच बंद झाला. त्यामुळे इथल्या पोरांची निष्ठा थेट मँचेस्टर, माद्रिद किंवा बार्सिलोनाशी. चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडपर्यंत जागायचे आणि सकाळी समता मैदानावर त्याच जर्सीत उतरायचे. अशा चाहत्याला प्रशिक्षक म्हटले की आठवतो तो क्लबचा. दर आठवड्याला दिसणारा, डावपेच बदलणारा, नको असलेला खेळाडू विकून दुसरा आणणारा. भारतीय संघ हरला की त्याचा पहिला सवाल असतो, ‘आपल्याला असा कोच काऊन मिळत नाही?’

दुसरी बाजू वयाने थोडी मोठ्यांची. पेप गार्डिओलांना हे २३ खेळाडू आणि दहा दिवस द्या, मग पाहू, असे ही मंडळी म्हणतात. गंमत म्हणजे, गार्डिओलांचे नाव भारताच्या प्रशिक्षकपदासाठी खरोखरच आले होते. जुलै २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यांत ई-मेलने आलेले गार्डिओला आणि झावी हर्नांडेझ यांच्या नावाचेही अर्ज होते. नंतर ते बनावट असल्याचे महासंघानेच जाहीर केले. तोवर देशभर चर्चा होऊन गेली होती.

मार्केझ यांच्याबाबत नेमके काय घडले?

या वादात मार्केझ यांच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण माणूस तोच, वर्ष तेच आणि नोकऱ्या दोन. स्पेनचे मार्केझ २०२० मध्ये हैदराबाद एफसीकडे आले आणि २०२१-२२ मध्ये त्यांनी या क्लबला आयएसएलचे विजेतेपद मिळवून दिले. २०२३ पासून ते गोव्यात. २० जुलै २०२४ रोजी इगोर स्टिमॅच यांच्या जागी त्यांची भारतीय संघासाठी निवड झाली, पण २०२४-२५ चा हंगाम त्यांनी गोव्याचे कामही सांभाळावे, अशी सोय महासंघाने करून दिली.

त्या हंगामात गोवा आयएसएलच्या साखळीत दुसऱ्या स्थानी राहिला आणि सुपर कपही जिंकला. देशाच्या खात्यात मात्र आठ सामने, एक विजय, चार बरोबरी आणि तीन पराभव. एकमेव विजय १९ मार्च २०२५ चा, शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० असा. त्यात गोल करणाऱ्यांपैकी एक होता सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावे लागले होते. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्धचा आशियाई चषक पात्रतेचा सामना ०-० असा सुटला. त्यानंतर मार्केझ यांनी आपल्याच संघाच्या खेळावर उघड नाराजी व्यक्त केली.

दोन दगडांवर पाय ठेवला म्हणून बुडाले, असे सोपे उत्तर तेव्हा पुढे आले. ते अर्धेच खरे आहे. दोन नोकऱ्यांमुळे अपयश आले असते, तर गोव्याचाही खेळ बिघडायला हवा होता.

मग दोन कामांत फरक काय?

सर्वात मोठा फरक वेळेचा. गोव्याला त्या हंगामात आयएसएलच्या साखळीतच २४ सामने मिळाले. रोजचा सराव वेगळाच. भारतीय संघाला सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात आठ. शनिवारी एखादी चाल फसली, तर क्लबचा प्रशिक्षक मंगळवारी ती मैदानावर दुरुस्त करतो. देशाच्या प्रशिक्षकाला ती दुरुस्त करायला पुढच्या शिबिराची वाट पाहावी लागते, आणि तोवर अर्धे खेळाडू बदललेले असतात.

दुसरे, खेळाडूंचा बाजार. क्लबला स्ट्रायकर नसेल तर तो विकत घेता येतो. आयएसएलमधील बहुतेक क्लब गोल करण्याचे काम परदेशी खेळाडूंकडेच सोपवतात. मार्केझ यांच्याकडे गोव्यात ती मुभा होती. देशाच्या संघात तीच जागा भारतीय खेळाडूने भरायची, जो आपल्या क्लबमध्ये एक तर बाकावर असतो किंवा बगलेवर खेळतो. छेत्रीला का बोलवावे लागले, याचे उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट चाहत्यांच्या फारशी लक्षात येत नाही. देशाच्या प्रशिक्षकाचे खेळाडू त्याचे नसतातच. ते क्लबचे पगारी नोकर असतात. फिफाने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात त्यांना सोडणे क्लबला बंधनकारक असते. त्याबाहेर क्लब सरळ नाही म्हणू शकतो.

हे समजायला युरोपात जायची गरज नाही. आंतरजिल्हा स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायचा झाला, की पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा अशा ठिकाणांहून मुले गोळा होतात. कोणाच्या शाळेत लांब पासवर खेळायची सवय, कोणाच्या शाळेत ड्रिबलिंगची. चार-आठ दिवसांत त्यांना एकमेकांची नावे पाठ होतात, एवढेच. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीत मात्र शाळेचा संघ उतरतो आणि पीटीचे सर त्या मुलांना सहावीपासून ओळखत असतात. पहिला संघ भारताचा, दुसरा गोव्याचा!

जमील आल्यावर काही बदलले का?

आधी बदलले, मग नाही. जमील यांचा महाराष्ट्राशी जुना संबंध. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून कारकीर्द महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या संघांत गेली. २००९ पासून सात वर्षे त्यांनी मुंबई एफसी तुटपुंज्या साधनांत सांभाळला. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेते करून त्यांनी देशाला चकित केले. सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर, भारतीय संघाला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक मिळाला तो त्यांच्या रूपाने.

पहिल्याच सामन्यात, २९ ऑगस्टला, भारताने ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ असे हरवले. पुढे इराणकडून ०-३ हार झाली, तरी कॅफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर नमवून संघ तिसरा आला. हे यश मोहन बागानच्या खेळाडूंशिवाय मिळाले. स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या काळात बसत नव्हती, म्हणून क्लबने खेळाडू सोडले नाहीत. जमील यांची पद्धत साधी आहे. बचाव घट्ट, चेंडू लवकर पुढे आणि सेट-पीसवर भर. शिबिराच्या थोड्या दिवसांत शिकवता येईल असे फुटबॉल, असा याचा अर्थ लावला तर त्यांच्या निवडीमागचे गणित कळते.

पण ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये १-१ बरोबरी झाली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगटेने १४व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिल्यावरही भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० असे हरवले. भारतावर त्यांचा हा २००३ नंतरचा पहिला विजय.

याच काळात देशातील फुटबॉलची अवस्था काय होती, तेही पाहायला हवे. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातील कराराचे नूतनीकरण अडकल्याने ११ जुलै २०२५ रोजी नवा हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. खेळाडूंना महिनोन् महिने लीगचे सामनेच नव्हते. प्रशिक्षक कोणीही असो, त्याला मिळणारी माणसे अशी, सामन्यांच्या सरावाविना आलेली.

जगात काय दिसते?

दोन्ही बाजूंना पुरेल एवढा दारूगोळा. चॅम्पियन्स लीग आणि विश्वचषक दोन्ही जिंकणारे प्रशिक्षक आजवर दोनच, इटलीचे मार्चेलो लिप्पी आणि स्पेनचे व्हिसेंते देल बॉस्के. उलट, लिओनेल स्कालोनी यांनी कुठल्याही मोठ्या क्लबचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवले नव्हते, तरी त्यांनी अर्जेंटिनाला २०२२ चा विश्वचषक मिळवून दिला. आणि २०२२ पर्यंतच्या एकाही विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक परदेशी नव्हता. असे असूनही २०२६ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने कार्लो अँचेलोटी आणि इंग्लंडने थॉमस टुखेल या क्लबच्या दुनियेतील बाहेरच्या माणसांवर विश्वास टाकला. अँचेलोटींना मात्र माणसे कमी पडण्याची चिंता नाही. ब्राझीलचे खेळाडू युरोपात दर आठवड्याला वरच्या दर्जाचे फुटबॉल खेळून येतात.

प्रशिक्षक बदलून काही होते की नाही?

थोडेफार होते. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या काळात भारत मार्च २०१५ मधील १७३व्या क्रमांकावरून जुलै २०१७ मध्ये ९६व्या क्रमांकावर पोहोचला होता. स्टिमॅच यांनी २०२३ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकून दिली. पण २०२४ च्या सुरुवातीला कतारमधील आशियाई चषकात त्यांचाच संघ तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. शिबिराला पुरेसे दिवस मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार तेव्हा बहाणा वाटली होती. त्यांच्यानंतरच्या दोघांचे निकाल पाहता ती आता तेवढी पोकळ वाटत नाही.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून सर्व जिल्ह्यांत एकाच दिवशी मुलांना फुटबॉल खेळायला उतरवले होते. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज प्रौढ संघात खेळण्याच्या वयाचा झाला आहे. मधल्या काळात त्याला दरवर्षी किती सामने मिळाले, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. शाळेच्या स्पर्धेत जिल्हा फेरीत हरलेल्या संघाचा मोसम अनेकदा एक-दोन सामन्यांत संपतो.

आणि मार्केझ? ते गोव्यात परतले. ज्या फातोर्डावर भारत सिंगापूरकडून हरला, त्याच मैदानावर ७ डिसेंबर २०२५ रोजी त्यांच्या गोव्याने ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सुपर कप पुन्हा जिंकला.